खिळ्यावरची किल्ली

भांडारपाल निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी घरात कुणी न विचारता पेन उचललं की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचं भांडार सांभाळलं. चादरी, बल्ब, फिनेल, हातमोजे. चिठ्ठीशिवाय वस्तू हलायची नाही, असा खाक्या. एकदा वीज गेली आणि खुद्द मोठे डॉक्टर टॉर्च मागायला दारात आले. यांनी आधी चिठ्ठी पुढे केली. डॉक्टर म्हणाले, "अहो, अंधारात सही कुठे करू?" हे म्हणाले, "सही करा, टॉर्च देतो, मग नीट दिसेल." डॉक्टरांनी अंदाजाने सही ठोकली. ती पुढच्या रकान्यात गेली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली.

त्यांची बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. अठ्ठावीस वर्षं तिच्या नजरेतून काही सुटलं नाही आणि ते ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. आता मात्र दोन्ही डोळ्यांनी मधलं दिसेनासं झालं होतं. "पानाच्या कडा दिसतात, मजकूर तेवढा गायब," असं ती म्हणे. सुरात तक्रार नसायची, छपाईतली चूक दाखवल्यासारखं म्हणायची.

नऊ वर्षांपूर्वी ती कॉम्प्युटरवर एक गेम खेळली होती. त्यात मारामारी नव्हती, धावाधाव नव्हती. चित्रात माउस फिरवायचा, वस्तूंवर टिचकी मारायची, माणसांना बोलतं करायचं, की गोष्ट पुढे सरकायची. तार ऑफिसातली एक मुलगी हरवलेल्या बापाला शोधत एका बेटावर पोचते. शेवटच्या चित्रात बापाची बोट धुक्यात शिरताना दिसते, पाठमोरा बाप दिसतो, आणि खेळ संपतो. बायकोने गेम काढणाऱ्या कंपनीचा नऊ वर्षं उद्धार केला. तेव्हा माउस तिच्या हातात असायचा. भांडारपाल शेजारी बसून एवढंच विचारायचे, "ती दोरी त्या कोळ्याची आहे ना? विचारलं का त्याला?"

यंदा दुसरा भाग आला. भाचीने येऊन बसवून दिला आणि जाताना सांगून गेली, "मामा, सोपं आहे. दिसेल ते उचलायचं." भांडारपालांना हे वाक्य मुळीच आवडलं नाही. पण बायको म्हणाली, "अहो, पुस्तकं गेली, पेपर गेला, माझी काही कुरकुर नाही. एवढं एक मला शेवटपर्यंत कळू दे." मग कामाची वाटणी झाली. माउस यांच्याकडे. चित्रात काय आहे ते यांनी सांगायचं, संवाद मोठ्याने वाचायचे. डोकं तिने चालवायचं. चारला चहा, सव्वाचारला बेट.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग ती मुलगी बंदरावरच्या गोदामात शिरली.

गोदामात टेबलावर डोकं टेकून एक माणूस झोपला होता. मागे कुलूप लावलेलं एक दार आणि कपाटं, कपाटांवर नीट चिकटवलेले आकडे. भांडारपालांना पाहताक्षणी तो माणूस आपला वाटला. त्याच्या डोक्यावर कॅलेंडर आणि कॅलेंडरशेजारी खिळ्याला एक किल्ली. माउस किल्लीवर नेला की पडद्यावरच्या बाणाचा हात व्हायचा, म्हणजे ती उचलता येत होती.

"भिंतीवर काय आहे?" बायकोने विचारलं.

"कॅलेंडर."

"आणखी?"

"कॅलेंडरच."

"टेबलावर?"

"माणूस."

"टेबलावर माणूस?"

"डोकं तेवढं. बाकीचा खुर्चीत आहे."

तीन आठवडे ते त्या गोदामात होते. बायकोने त्या माणसाशी बोलायला लावलं, तो घोरला. बंदरावरच्या प्रत्येक मांजराला हात लावायला लावला. कॅलेंडरची पानं मोजायला लावली. भांडारपाल सगळं इमानेइतबारे करत होते, फक्त किल्लीचं नाव काढत नव्हते. त्यांचा हिशेब साधा होता. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरून किल्ली गेली, तर उद्या निलंबन त्याचं. मुलगी जाईल बोटीत बसून.

पण एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत घेऊन सांगितलं होतं की कडाही जातील, फार तर वर्ष. बाहेर येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "जेवढं गेलं तेवढंच. बाकीचं टिकेल." म्हणजे त्या वर्षातले तीन आठवडे आपण तिला एका कॅलेंडरसमोर बसवून ठेवले, हे त्यांना रोज सव्वाचारला आठवायचं.

गोदामातल्या बाविसाव्या दिवशी बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बंद करा."

"का गं?"

"कुठेतरी काहीतरी आहे आणि ते माझ्याकडून सुटतंय. डोळे गेले ते गेले, आता डोकंही गेलं. उगीच तुमच्या दुपारी खाते आहे." हे ती अगदी सपाट आवाजात म्हणाली. तिचा असा आवाज त्यांनी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"किल्ली आहे," ते म्हणाले. "कॅलेंडरशेजारी. खिळ्याला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बायकोने मान त्यांच्या दिशेने वळवली. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी मान खाली घातली.

"त्याची नोकरी गेली असती," ते म्हणाले.

"त्या चित्रातल्या माणसाची?"

"हो."

"आणि मी इथे तीन आठवडे स्वतःला वेडी समजत बसले." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणखी काय काय सांगायचं राहिलंय?"

एकतीस वर्षांत त्यांनी कुणालाही चिठ्ठीशिवाय काही दिलं नव्हतं. हे मात्र त्यांनी तसंच दिलं. कडाही जातील. वर्षभरात. डॉक्टर नक्की म्हणाले.

चहावर साय धरली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मग तिने खुर्ची ओढली, पार पडद्याला गाल लागेल इतकी जवळ, आणि मान तिरपी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली.

"तो निळा पट्टा म्हणजे पाणी का?"

"हो, पाणी."

"उचला ती किल्ली."

त्यांनी उचलली. माणूस घोरतच राहिला.

"आता रोज सकाळीही बसायचं," ती म्हणाली. "आणि बाप सापडला की मध्ये बोलायचं नाही. त्याचं तोंड मी बघणार आहे."

भांडारपालांनी मान हलवली. मग ते तिला दिसलं नसेल असं वाटून मोठ्याने "बरं" म्हणाले, आणि गोदामातल्या त्या बंद दाराला किल्ली लावली.