अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही मला एकदम वेड्यात काढणार नाही. मी वायरमन. उमेदीची सगळी वर्षं जळगावात आणि आसपासच्या गावांत विजेच्या तारा ओढण्यात गेली. आमच्या धंद्यात श्रद्धा-बिद्धा चालत नाही. तारेत करंट आहे की नाही ते हात जोडून कळत नाही, टेस्ट लॅम्प लावून कळतं. संध्याकाळी दिवा लागला की लोक बल्बला नमस्कार करायचे, तेव्हा मी मनात म्हणायचो, अरे, करायचाच तर वायरमनला करा! कोणी मुंजा, चकवा, करणी असलं काही काढलं की मी चपला घालून चालू पडायचो. तरीही हे घडलं... आणि दुसऱ्या कोणाच्या नाही, माझ्याच हातच्या कामात घडलं.

साल सेहेचाळीस. आमच्या ओळखीचे नाना म्हणून एक वकील होते. जळगावातच घर — ओळीने चार खोल्या, मागे मुरमाड अंगण आणि त्याला विटांची भिंत. घरात नाना, त्यांचा मुलगा प्रभाकर, सून सुमन आणि नानांची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणायचे. अक्कांना लहानपणीच वैधव्य आलेलं, सासर शिंदखेड्याचं. नानांची बायको गेली तेव्हा त्या इथे आल्या आणि प्रभाकरला त्यांनीच वाढवलं. घरात शब्द नानांचा, पण शेवटचा शब्द अक्कांचा.

त्या घरात वीज होती, पण कशी? दहा वर्षांपूर्वीचा लाकडी बोर्ड, तोही दोन दिव्यांपुरता. सुमनने माहेरून, नाशिकहून येताना टेबल फॅन आणि इस्त्री आणली, मागोमाग नानांनी रेडिओ घेतला. झालं! रोज फ्यूज उडायला लागला. आमचे प्रभाकरराव बीए झालेले. त्यांनी डोकं चालवून फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बसवली. फ्यूज उडायचा थांबला. मग एके दिवशी बोर्डातून जळका वास आला आणि अक्कांनी मला बोलावणं धाडलं. बोर्ड उघडून पाहतो तर मागचं लाकूड कोळसा झालेलं. अजून चार दिवस गेले असते तर मला बोलावून काही उपयोग नव्हता.

सुमनला तेव्हा पाचवा महिना होता. पहिलटकरीण, पण माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं आणि तेही ऐन जून महिन्यात. जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला जास्त सांगायला नको. तिला वारा हवाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि इकडे अक्का हट्टाला पेटलेल्या — वीजच काढून टाक, कंदील लावू.

"ईज कोनले सोडस नही भाऊ," त्या म्हणाल्या. "मनी पोरले काही व्हयनं ते?"

आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण डोळे भरले होते. सुमनला त्या सून म्हणतच नसत, त्यांच्या अहिराणीत 'मनी पोर', माझी पोर, म्हणत. मी जरा नरमलो. म्हटलं, "अक्का, सगळा बोर्ड बदलतो. लोखंडी पेटीचा मेन स्विच, दिव्यांना वेगळा फ्यूज, पंख्याला वेगळा, इस्त्रीला वेगळा. आणि मागे अंगणात अर्थिंगचा खड्डा करतो. पंख्यात बिघाड झाला तर वीज त्या वाटेने सरळ जमिनीत जाईल, फ्यूज उडेल आणि सुमनला काही होणार नाही."

"आनी ती वाट बंद व्हयनी ते?"

प्रश्न ऐकून मी चाटच पडलो. भल्याभल्या साहेबांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, "खड्डा कोरडा पडला तरच वाट बंद होते. ओल राहायला हवी."

"म्हंजे पानी टाकनं पडी."

"हो. रोज सकाळी तांब्याभर."

खरं सांगायचं तर आठवड्याला बादलीभर टाकलं तरी पुष्कळ झालं असतं. पण म्हातारीला काहीतरी काम द्यावं म्हणजे ती माझ्या डोक्यावर बसणार नाही, असा माझा हिशेब. अक्का मात्र एकदम शांत झाल्या. "मंग लाव तुन्हा डबा," म्हणाल्या.

तीन दिवसांत काम झालं. खड्डा पुरुषभर खोल घेतला, मधे लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दाबले. पाणी ओतायला वर नरसाळं आणि त्यावर झाकण. शेवटी चालू तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये दिवा लावून पाहिला. भक्क पेटला. खड्डा कोरडा असता तर मिणमिणला असता. दुसऱ्या दिवसापासून अक्कांची आंघोळ, तुळशीला पाणी आणि मग एक तांब्या खड्ड्यात, असा नेम सुरू झाला. मी जाता-येता चिडवायचो, "अक्का, हळदकुंकू राहिलं!" त्या हसायच्या, पण नेम मोडायच्या नाहीत.

आता माझी चूक सांगतो. खड्ड्यात पाणी घालायचं असतं हे मी अक्कांशिवाय कोणालाही सांगितलं नाही. निम्मी थट्टाच होती ना ती! म्हणून राहून गेलं.

मे महिन्यात एका दुपारी प्रभाकर सायकल दामटत माझ्याकडे आला. सुमनने ओल्या हाताने पंखा सरकवायला धरला होता. फट्ट आवाज झाला आणि पंखा बंद पडला. मी धावलो. सुमन पाटावर बसून पाणी पीत होती. "हाताला नुसती झिणझिणी आली," म्हणाली. पंखा उघडला, तर आतली तार जळून लोखंडी अंगाला चिकटलेली. फ्यूज मात्र जसा उडायला हवा तसा उडालेला, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. छाती फुगली माझी! नानांनी चहा मागवला. मी जरा मिरवायच्या बेतात होतो.

"अक्का कुठे आहेत? त्यांना सांगा, खड्डा कामाला आला."

"अक्का शिंदखेड्याला," नाना म्हणाले. "जावेचा पाय मोडलाय. महिना झाला जाऊन."

"मग खड्ड्यात पाणी कोण घालतं?"

"कसलं पाणी?"

मी कप खाली ठेवला. महिनाभर, त्या उन्हात, त्या मुरमात पाण्याचा थेंब नाही! म्हणजे वाट बंद. म्हणजे ती पोरगी वाचली ती... कशी वाचली? तिला काही झालं असतं तर ते माझ्या थट्टेपायी झालं असतं. मी तसाच मागे पळालो. अंगण भट्टीसारखं तापलेलं, मुरमाला भेगा. झाकण उघडलं... नरसाळं ओलं. भोवती वीतभर हिरवीगार हरळी. दिवा लावून पाहिला, पहिल्या दिवसासारखा भक्क पेटला.

घरातल्या प्रत्येकाला विचारलं. कोणी पाणी घातलं नव्हतं. नळ पुढच्या अंगाला, मोरीचं पाणी उलट्या दिशेला, शेजारची विहीर आटलेली. नाना वकील माणूस, साक्षीपुराव्याशिवाय काही न मानणारे. म्हणाले, "उद्या सकाळी दोघं बसू."

बसलो. सहा वाजता दोन खुर्च्या टाकल्या आणि झाकण काढून ठेवलं. चांगलं लख्ख उजाडलं होतं. सात वाजून गेले असतील. आम्ही कापसाच्या भावाचं बोलत होतो आणि नानांनी एकदम बोट दाखवलं. नरसाळ्यात पाणी होतं. वरून पडताना दिसलं नाही, पण कोणी सावकाश तांब्या ओतावा तसं ते वर आलं, कडेला टेकलं आणि हळूहळू मुरलं. अंगणात आम्ही दोघंच.

नानांनी उठून झाकण बसवलं. मग नाना म्हणाले, "मी काही पाहिलेलं नाही. तुम्हीही नाही. सुमनला एक अक्षर सांगायचं नाही."

पुढच्या आठवड्यात शिंदखेड्याच्या एका कापसाच्या जिनातला डायनॅमो बिघडल्याचा निरोप आला. एरवी मी टाळलं असतं. त्या दिवशी सकाळची पहिली सुरतेकडची गाडी धरली आणि काम उरकून साडेअकराच्या सुमाराला अक्कांच्या जावेचं घर शोधत गेलो. अक्का परसात निंबाखाली डाळ निवडत बसल्या होत्या.

"मनी पोर बरी शे ना?" हा पहिला प्रश्न.

सांगणार नव्हतो, पण पंख्याचं सगळं सांगून टाकलं. अक्कांचा हात सुपातच थांबला. मी विचारलं, "अक्का, निघताना पाण्याचं कोणालाच कसं सांगितलं नाही तुम्ही?"

"कसाले सांगू? मी टाकस ना रोज."

"कुठे?"

त्यांनी निंबाच्या बुडाकडे बोट केलं. "आठे."

मला हसू आलं. "अहो अक्का, हे शिंदखेडं! खड्डा जळगावला. मध्ये पन्नास-पंचावन्न मैल!"

वर्गातल्या ढ पोराकडे मास्तर पाहतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जमीन का दोन शेतस, भाऊ?"

जमीन काय दोन आहेत, एवढंच विचारून त्या उठल्या, रांजणातून तांब्या भरला आणि म्हणाल्या, "आज ऊन भलतं शे. आखो एक टाकस." निंबाच्या बुडाशी त्यांनी तो सगळा सावकाश ओतला. ओठ काहीतरी पुटपुटत होते. सुमनचं नाव तेवढं मला ऐकू आलं. परतीची गाडी गाठायची होती म्हणून मी घड्याळ पाहिलं. बाराला दहा मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी नानांकडे गेलो, तर ते फाटकातच उभे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काल दुपारी पुन्हा पाणी आलं. सकाळी आलंच होतं, हे दुसऱ्यांदा. इतकं की बाहेर ओघळ आला."

"किती वाजता?"

"जेवायला बसत होतो... बाराला आठ-दहा मिनिटं असतील. का हो?"

मी मागे जाऊन मुरमावरची ओघळाची खूण पाहून आलो.

जूनमध्ये सुमनला मुलगी झाली, दोघीही सुखरूप. तोवर अक्का परत आल्या होत्या आणि पंखा आणखी जोरात लाव म्हणून आता त्या स्वतःच प्रभाकरला दटावत होत्या. पुढे मी तो खड्डा एकदा भिंतीपर्यंत खणून पाहिला. झरा नाही, फुटका नळ नाही, काहीही नाही. आमच्या धंद्यातल्या मोठमोठ्या लोकांना विचारलं, तर त्यांनी मला थंड पाणी प्यायला दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

हे कसं झालं ते मला आजवर कळलेलं नाही आणि आता या वयात कळेल असंही वाटत नाही. अक्का त्यानंतर सात-आठ वर्षं होत्या. अधूनमधून शिंदखेड्याला जात, दोन-दोन महिने राहत. दर खेपेला नाना मला विचारायचे, "सुमनला पाणी घालायला सांगून ठेवू का?"

मी म्हणायचो, "कशाला? अक्का आहेत ना."