अर्ध्या चेहऱ्याचा फोटो

मी बी.ए. होऊन जळगावच्या शाळेत मास्तर झालो, त्या वर्षी धाकट्या बहिणीसाठी सावद्याचं स्थळ आलं. घरी केळीची बागायत, मुलगा नागपूरला कारकून. त्याला रजा मिळेना, म्हणून त्याच्या मामांनी मुलीचा फोटो मागवला. धरणगावकडच्या आमच्या नात्यात तोवर कुणी फोटो पाठवला नव्हता. आबा, म्हणजे वडील, मला म्हणाले, "तू शिकेल शे, तूच दख."

मी कॉलेजात होतो तेव्हा बहीण आईबरोबर कापूस वेचायला जात होती. तिची शाळा चौथीत सुटली होती. तिचं हे एक काम तरी आपल्या हातून नीट व्हावं, असं मला फार वाटे.

जळगावात माझ्या ओळखीचे एक फोटोग्राफर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या माडीच्या छपराला उत्तरेकडून काचा बसवल्या होत्या आणि काचांखाली दोऱ्यांवर सरकणारे पांढरे-काळे पडदे होते. विजेचा दिवा ते वापरत नसत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की नाना बांबूने एखादा पडदा वीतभर सारत, मागे येऊन बघत आणि पुन्हा बोटभर परत आणत. तोवर गिऱ्हाईक कंटाळून जाई. बहुतेकांना दोन्ही कान यावेत आणि रंग गोरा यावा, एवढंच हवं असे.

"कान मोजायला बसतात लेकाचे," नाना म्हणत. "उजेड काय घागरीने डोक्यावर ओतायचा असतो?"

बहिणीचे त्यांनी दोन फोटो घेतले. पहिला नेहमीसारखा, समोरच्या उजेडातला. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी एका बाजूचे सगळे पडदे ओढून घेतले. त्यात तिचं कपाळ, नाकाची कड आणि उजवा गाल उजेडात होता. डावी बाजू हळूहळू काळोखात गेली होती. ती कसला तरी विचार करत असल्यासारखी दिसत होती. घरात मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. मी तोच फोटो सावद्याला पाठवला.

पंधरा दिवसांनी मामांचं पत्र आलं. आबांना मीच वाचून दाखवलं. 'फोटो पोचला. मुलीचा डावा डोळा कसा आहे, ते स्पष्ट कळवावे.'

आबांनी पत्र माझ्या हातून घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "बी.ए. व्हयना तू, आनि बहीननं अर्धं तोंड धाडी दिन्हं?"

आठ दिवसांत गल्लीतल्या बायका आईला मुलीच्या डोळ्याबद्दल विचारू लागल्या. ही बोलवा पसरली असती तर सावद्याचंच नव्हे, कुठलंच स्थळ पुन्हा दारात आलं नसतं.

मी बहिणीला घेऊन नानांकडे गेलो. पहिला फोटो ज्या काचेवरून छापायचा, ती काच त्यांनी धुऊन दुसऱ्या कामाला घेतली होती. मी म्हणालो, "मग सरळ उजेडात नवा काढून द्या."

"आणि पत्रात काय लिहिणार? फोटोग्राफर चुकला?"

"तसं लिहावं लागेल, नाना."

नाना पडद्याच्या दोरीशी चाळा करत उभे राहिले. तेव्हा बहीण मला म्हणाली, "भाऊ, तसं लिखू नको." मग नानांकडे वळून म्हणाली, "नाना, आते डावी बाजू उजेडमा ल्या. दोन्ही फोटो जोडे ठेवात का बठ्ठं तोंड व्हई जाई."

नाना मोठ्याने हसले. "दोन अर्धी जोडून सगळं तोंड! मास्तर, शाळेत हिला घालायला हवं होतं!"

मी बहिणीला खुर्चीत बसवलं. नवा फोटो काढून आम्ही सावद्याला पाठवला. त्यावर मामांचं उत्तर आलं. 'दोन्ही मुली पाहिल्या. यांतली आपण कोणती देऊ करता?'

आई आधी हसली आणि मग डोळ्यांना पदर लावून आत गेली. आबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. तेव्हा मी रीत मोडून मुलालाच नागपूरला पत्र लिहिलं. मुलगी एकच आहे, फोटो मीच निवडून पाठवला होता, फोटोवरून काही ठरवू नका, एकदा येऊन बघा, असं लिहिलं.

दोन दिवसांची रजा काढून तो आला. न कळवता आल्यामुळे घरात धावपळ उडाली. बहीण ओट्यावर उन्हात तूर पाखडत होती. आबा तिला आत जा म्हणाले, पण पाहुणा म्हणाला, "बसू द्या."

तिने सूप खाली ठेवलं. मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे, आणि म्हणाली, "दोन्ही शेतस."

आबा तिच्यावर ओरडले. पाहुण्याला हसू आवरेना. संध्याकाळच्या गाडीने सावद्याला जाण्यापूर्वी त्याने आबांना होकार सांगितला.

ही बातमी द्यायला मी नानांकडे गेलो. काचेखालच्या खुर्चीत लग्नाची दुसरी एक मुलगी बसली होती आणि दोन्हीकडचे पडदे पार मागे सारलेले होते. तिचा चेहरा इकडून तिकडे सारखा पांढरा दिसत होता. मी म्हणालो, "नाना, आमचं जमलं. आता असा सपाट उजेड टाकायची गरज नाही."

"तुमचं जमलं," नाना म्हणाले. "हिच्या भावाला पत्र लिहिता येत नाही."

आणि ते कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरले.