गजभिये काकांच्या विमानातला ट्रिमचा काटा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची एक शनिवार दुपार. सोनेगाव विमानतळावरच्या एका हँगरच्या कोपऱ्यात मी विमानात डोकं खाली, पाय वर अशी अडकले होते... हातात टेस्टर, दातांत टॉर्च, आणि वरचा पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.

विमान आमच्या शेजारच्या गजभिये काकांचं. म्हणजे त्यांनी स्वतः बांधलेलं! काका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते, तिथंच उडवायला शिकले, लायसन्स काढलं. मग बेसा गावातल्या एका शेडमध्ये (तेव्हा तिथे नुसती शेतं होती) सात वर्षं लाकूड, कापड आणि एक जुनं इंजिन घेऊन दोन सीटचं विमान उभं केलं.

मी तेवीस वर्षांची, बी.एस्सी. फिजिक्स झालेली, गल्लीतले रेडिओ दुरुस्त करणारी मुलगी. त्यामुळे वायरिंगचं सगळं काम माझ्याकडे आलं होतं. मी हवेत तरंगत होते... विमान उडायच्या आधीच!

रविवारी सकाळी पहिलं उड्डाण होतं. परवानगी त्या एका सकाळचीच. ती हुकली की पुन्हा दिल्लीशी पत्रव्यवहार आणि पुन्हा कितीतरी महिने वाट.

आणि शनिवारीच ट्रिमचा काटा बिघडला.

ट्रिम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. विमानाच्या शेपटीला हाताच्या पंजाएवढी एक पट्टी असते. सीटजवळचं छोटं चाक फिरवलं की तारेनं ती पट्टी वर-खाली होते आणि विमानाचं नाक हवं तसं राहतं... पायलटला दांडा सारखा ओढून धरावा लागत नाही. पट्टी कुठे आहे हे तिथून आलेल्या विजेच्या वायरीनं समोरचा काटा दाखवतो. उडताना तो मध्ये हवा, नाहीतर जमीन सोडतानाच नाक खाली जायची भीती.

इंजिन बंद असलं की आमचा काटा शहाण्यासारखा मध्ये. विमान बाहेर ढकलून इंजिन सुरू केलं, जरा वेग दिला की हा हळूहळू 'नाक खाली'कडे सरकायचा. चाक मात्र जागच्या जागी... त्यावरची लाल खूणही बरोबर मध्यावर.

"हा काटा काहून पागल होऊन राहिला वं?" काका कपाळाला हात लावून म्हणाले.

मी मीटर बदललं, वायर नवी टाकली, सगळे जोड घासून पुन्हा बसवले. दर वेळी इंजिन सुरू करायचं आणि दर वेळी काटा तेच करायचा.

चार वाजता काका वैतागले. "जाऊ दे. इंजिनाच्या थरथरीनं होऊन राहिलं ते. काट्याची वायर काढून टाक. चाकावर खूण आहे ना... तिच्यावर उडवतो मी."

खरं सांगते, मी हो म्हणणारच होते. दमले होते, आणि रविवार हातचा जाऊ द्यायचा नव्हता. पक्कड वायरीला लावलीसुद्धा.

काकू डबा घेऊन आल्या होत्या, शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. दिवसभरात पहिल्यांदाच बोलल्या. "वर तर जातीन हे, मले माहीत आहे. खाली नीट येतीन का, तेवढं सांग मले."

माझा हात थांबला.

मग डोक्यात आलं... काटा म्हणतो पट्टी हलली, चाक म्हणतं नाही हलली. सकाळपासून आम्ही काट्यालाच खोटं ठरवत होतो. पण पट्टीकडे कोणी पाहिलंच नव्हतं!

"काका, इंजिन सुरू करा. मी शेपटीजवळ बसते."

"अवं, उडून जाशीन!"

"तुम्ही करा तर सुरू!"

चाकांना ठोकळे लावले. मी ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि शेपटीच्या बाजूला जमिनीवर पालथी पडले. इंजिन धडधडलं, डोळ्यांत-नाकात धूळच धूळ... आणि त्या धुळीतून मला दिसलं. पट्टी सरकत होती! वाऱ्याच्या झोतानं हळूहळू वर चढत होती.

मी दोन्ही हात हलवत ओरडत सुटले, "काका, काटा बरोबर आहे! पट्टीच हलतेय!"

चाकाखालचं झाकण उघडलं. आत चाकाला जोडलेल्या एका रिळावर तार गुंडाळलेली होती. बोट लावलं तर तेल! तार रिळावरून घसरत होती, म्हणून चाक जागच्या जागी आणि पट्टी भलतीकडे; इंजिन बंद झालं की पट्टीची स्प्रिंग तिला परत मध्ये ओढायची.

काकांनीही बोट लावून पाहिलं. "चाक जड चालून राहिलं होतं... काल म्याच टाकलं तेल."

पेट्रोलनं सगळं पुसलं. तार पुन्हा घसरू नये म्हणून रिळाला स्क्रूनं पक्की केली. इंजिन तीनदा चालवलं, काटा तिन्ही वेळा मध्ये! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी विमानानं जमीन सोडली, तेव्हा काकूंनी माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. दोन फेऱ्या मारून ते खाली आलं, एकदा उसळलं... आणि टेकलं! आम्ही सगळे ओरडत धावत सुटलो.

कोणीतरी काकांच्या गळ्यात हार घातला. लोक हात मिळवत होते, आणि काका काकूंकडे हात करून सांगत होते, "काल हिनं अन् या पोरीनं मले थांबवलं. तेल म्या टाकलं होतं, अन् दोष काट्याले देऊन राहिलो होतो."

पुढे मी कॉलेजच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं, खूप हुशार माणसं पाहिली. पण आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, गळ्यात हार असताना, आधी स्वतःची चूक सांगणारा माणूस पुन्हा फारसा भेटला नाही. तेविसाव्या वर्षीच तो बघायला मिळाला... नशीब माझं, दुसरं काय!