माझ्या वर्गाची शिस्त

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भिशीतल्या सगळ्या भानगडी सांगते. तुम्हाला सांगते, पण मधे बोलू नका. बोललात तर मी विषय बदलेन, मला सवय आहे.

मुळशीतल्या आमच्या शाळेत माझ्या वर्गाचं फार कौतुक. एवढी पोरं, पण पंख्याची घरघर ऐकू यायची. केंद्रप्रमुखांनी बाकीच्या शिक्षकांसमोर माझं भाषण ठेवलं — वर्ग कसा आवरावा यावर. मी तासभर बोलले. मुलांना प्रेमाने जिंका, वगैरे. शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळाच्या वड्या बऱ्या झाल्या होत्या.

आता खरं सांगू? मला वर्ग आवरत नाही. कधीच आवरला नाही. मी ओरडले की आवाज चिरकतो आणि पोरं खिदळतात — त्याला मी काय करणार?

वर्ग आवरायची ऋतुजा. पाचवीतली, शेळ्या राखणाऱ्या घरातली, हडकुळी पोरगी. मागच्या बाकावरून ती जिभेने नुसतं 'टक्' करायची, शेळ्या वळवताना करतात तसं — की सगळे गप खाली. एकदा तर मीसुद्धा बसले. घरी न्हाणीघरात मी तो आवाज घोटून पाहिला. बाहेरून नवरा म्हणाला, पाल चुकचुकतेय वाटतं.

इथवर गंमत आहे. इथेच थांबावं असं वाटतंय — पण नको.

वर्ष संपताना तिची आई आली. भूगावला ऋतुजाची आत्या राहते, ती पोरीला तिकडच्या मोठ्या शाळेत घालायला तयार होती, फीसकट. पण बाई म्हणतील तसं करू, असं म्हणून आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि ऋतुजा गणितात पहिली होती हो! कधी कधी माझ्याआधी उत्तर काढायची. पण माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? जून महिना, सहावीचा तोच वर्ग, आणि समोर मी एकटी.

"गणितात कच्ची आहे अजून," मी म्हटलं. "तिथे टिकायची नाही. राहू द्या इथंच."

"तुमी म्हनताय तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि माझ्या पाया पडून गेली. ऋतुजा दाराशी उभी होती. तिने ऐकलं असेल का? — कशाला लपवू, बोलताना ती मला दिसत होती.

जूनमध्ये वर्ग चिडीचूप. मी पहिलंच गणित फळ्यावर घातलं, तर तिचा हात वर आला नाही. मी तिला उठवलं.

"न्हाई येत, बाई," ती म्हणाली. "मी कच्ची हाय."

वहीवर तिने पंजा ठेवला होता. बोटांच्या फटीतून उत्तर दिसत होतं, आणि ते बरोबर होतं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "खाली बस." आणि ते गणित मीच सोडवून दाखवलं.