शांत तासाची घोषणा

घोड्यांच्या चक्रावर मावशी एकवीस वर्षं होती. मी पार्कातला फिटर. फाटक उघडायच्या आत सगळ्या पाळण्यांचे बोल्ट आवळायचे, ग्रीस भरायचं, हे माझं काम. त्यामुळे मावशीशी रोज गाठ पडायची आणि रोज काहीतरी ऐकून घ्यावं लागायचं. "ग्रीस चक्राला भरायला सांगितलं होतं, माझ्या खुर्चीला नाही!" गुडघे दुखरे, आवाज फाटका, पण कुठलं पोर दुसऱ्या फेरीला ओकणार हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. बादली आधीच तयार असायची.

ती जन्मापासून शहाणी नव्हती, हे तिनेच मला सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगा फेरी संपली तरी घोड्यावरून उतरेना. मागे रांग बोंबलत होती. मावशीने त्याची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली, त्याला उचलून आईच्या हातात कोंबलं आणि वर सुनावलं, "आधी वळण लावा, मग आणा." रांगेने टाळ्या वाजवल्या. आई एवढंच म्हणाली, "त्याला उतरायला वेळ लागतो हो. पाच मिनिटं थांबला असतात तर..."

"त्या टाळ्या मला आवडल्या होत्या रे," मावशी मला म्हणाली होती. "तेच डाचतं."

जवळच एक शिंपी होता, त्याचं दुकान मंगळवारी बंद. त्या दिवशी तो आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन यायला लागला. मुलगी स्वमग्न होती. बोलायची नाही, आणि मोठा आवाज झाला की अंगावर कुणीतरी उकळतं पाणी ओतल्यासारखी तडफडायची. पहिल्या मंगळवारी ती नुसती कठड्याशी उभी राहिली. दुसऱ्या मंगळवारीही तेच. मावशीने घाई केली नाही की लाडीगोडी लावली नाही. फक्त चक्राचं गाणं बंद ठेवलं. चौथ्या मंगळवारी मुलगी स्वतःच चढली, राखाडी घोड्यावर बसली आणि न उतरता तीन फेऱ्या घेतल्या. "बाईसाहेबांना हाच घोडा लागतो," मावशी रांगेला दटावायची, "बाकीच्यांनी दुसरे बघा." एकदा शिंपी मला म्हणाला, "शाळेने नको म्हटलं, नातेवाइकांनी बोलावणं सोडलं. घराबाहेर ती या एकाच ठिकाणी येते." त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं.

मग आमच्या साहेबांच्या डोक्यात प्रमाणपत्राचं भूत शिरलं. स्वमग्न मुलांना समजून घेणारं पार्क, असं प्रमाणपत्र. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं, चहा झाला, सगळ्यांच्या छातीवर 'आम्ही समजून घेतो' असे बिल्ले लागले. दर मंगळवारी दहा ते अकरा शांत तास ठरला. मावशी इतकी खूश झाली, की त्या दिवशी तिने मला एकदाही झापलं नाही.

पहिल्याच शांत तासाला, मुलगी घोड्यावर बसलेली असताना, डोक्यावरचा भोंगा गरजला. "सन्माननीय पाहुण्यांनो! आपल्या पार्कात शांत तास सुरू आहे! कृपया शांतता राखा!" दर पाच मिनिटांनी. मावशीने चक्र थांबवेपर्यंत मुलगी घोड्याच्या मानेवर कपाळ आपटून घेत होती.

मावशी तडक ऑफिसात गेली. मी मागे होतोच.

"साहेब, ती घोषणा बंद करा."

"अहो मावशी, घोषणा केली नाही तर लोकांना कळणार कसं, आपण शांतता पाळतो ते?"

हा माणूस थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पुढच्या सोमवारी मावशी मला म्हणाली, "चक्रावरचा तो भोंगा तेवढा मार." मी शिडी लावली, एक स्क्रू ढिला केला, वायर काढली. दोन मिनिटांचं काम. त्यानंतरचे पाच मंगळवार चांगले गेले. पाचव्या वेळी मुलीने मावशीची बाही धरून एक अख्खी फेरी घेतली आणि मावशी चक्राबरोबर दुखऱ्या गुडघ्यांनी चालत राहिली.

सहाव्या मंगळवारी प्रमाणपत्रवाले आले. त्यांना घोषणा ऐकवायची म्हणून साहेब त्यांना नेमके घोड्यांपाशी घेऊन आले, आणि भोंगा मुका. साहेबांचं तोंड पडलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी सगळ्यांना उभं केलं. "वायर कुणी काढली?"

"मी," मावशी म्हणाली.

मावशीला साध्या स्टुलावर चढता येत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हत्यारांच्या पेटीकडे बघत राहिलो. मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून मावशीला त्याच दिवशी काढून टाकलं. जाताना ती मला म्हणाली, "मंगळवार सांभाळ." तिने चारचौघांत माझी अब्रू काढली असती तरी मला चाललं असतं.

वायर जोडायचा हुकूम मलाच मिळाला. मी जोडली.

पुढच्या मंगळवारी शिंपी आला. चक्रावर नवी बाई होती, बिल्ला लावून. मुलगी चढली, आणि पहिल्याच घोषणेला किंचाळत खाली पडली. आडवी होऊन तिने स्वतःचा हात चावायला सुरुवात केली. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "घरी ठेवायचं ना अशांना." नवी बाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणत होती, "आम्ही समजू शकतो, पण जरा बाजूला घेता का?" शिंप्याला मी दिसलो, पेटीसकट.

"दादा, तो भोंगा तेवढा बंद होईल का? दोनच मिनिटं. ती शांत होईल."

कुठला स्क्रू, ते मला झोपेतही सांगता आलं असतं. पण मला निवृत्तीला दोन वर्षं होती आणि साहेब खिडकीत उभे होते.

"ते माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "ऑफिसात विचारा."

तो ऑफिसात गेला नाही. मुलीला कसंबसं उचलून खांद्यावर घेतलं, रांगेची माफी मागितली, नव्या बाईची मागितली. मग माझ्यापाशी थांबून म्हणाला, "माफ करा हं दादा, तुम्हाला उगाच त्रास दिला."