स्टार्टरमधली तिसरी स्प्रिंग

मी शिकलो तो दाजींमुळे, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढं गेलं नव्हतं. बारावीनंतर दाजींनी मला अंकुशनगरला त्यांच्या दोन खोल्यांत आणलं आणि कॉलेजला जायला स्वतःची मोटारसायकल दिली. चार वर्षं ते सायकलवर साखर कारखान्यात कामाला गेले.

तीच गाडी ते अजून वापरतात. दोन वर्षांपूर्वी उसाची ट्रॉली अंगावर आली आणि त्यांचा उजवा गुडघा कायमचा आखडला. किक बसत नाही, गाडी बटणावरच चालू करावी लागते. गेल्या दिवाळीनंतर बटणही दगा देऊ लागलं. पाळी सुटली की गेटबाहेर कुणाला तरी ‘जरा किक मार’ म्हणायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. मग सगळे जाईपर्यंत थांबायचे आणि लंगडत गाडी कालव्याच्या उतारापर्यंत ढकलत न्यायचे, उतारावर गिअर टाकून चालू करायला. हे मला ताईनं सांगितलं.

मी जालन्यात एका कंपनीत ड्रॉइंग करतो. पदवी मेकॅनिकलची, पण मोटारसायकलचं इंजिन कधी उघडलं नव्हतं. तरी ताईच्या सांगण्यावरून अंदाज बांधला आणि रविवारी हत्यारं, नवे सुटे भाग घेऊन गेलो.

“बॅटरी नवी टाकली, तरी तेच,” दाजी म्हणाले. “आता तुमची डिग्री काय म्हणती बघू.”

मी बटण दाबलं. आत घर्रर्र झालं, इंजिन हललं नाही. किक मारली, लगेच चालू.

“मोटर फिरून राह्यली, इंजिनही चांगलंय. मधला क्लच गेला, दाजी. त्यात तीन रोलर असतात. स्प्रिंगा त्यांना रेटतात, मंग मोटर इंजिनला धरती. इंजिन चालू झालं की सोडून देती.”

“काम झालं की सोडून द्यायचं? अगदी मेव्हण्यासारखं की!”

“अहो, काहीही काय!” ताई आतून ओरडली. आम्ही तिघंही हसलो.

ऑइल काढलं, डावं झाकण उघडलं, पुलर लावून मॅग्नेट, म्हणजे ज्याच्या मागं हा क्लच असतो ती जड चकती, ओढून काढला. रोलर एका बाजूनं घासून चपटे झाले होते. माझा अंदाज बरोबर निघाला, याचा आनंद मला फार झाला. मग लक्षात आलं : रोलर तीन, स्प्रिंगा दोन. तिसरी जागा रिकामी.

“काढलेलं ऑइल कुठंय?” मी विचारलं. स्प्रिंग त्यातून गेली असेल तर दिसली असती.

“शेळ्यांच्या गोठ्याच्या खांबांना चोळलं की. वाळवी लागून राह्यली होती.”

टॉर्च लावून इंजिनात पाहिलं, जिथं बोट जाईल तिथं फिरवलं. काही लागलं नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शेजारचे दोघं-तिघं उभे होते, आणि ताई त्यांना चहा देताना ‘आमचा इंजिनिअर’ म्हणत होती. सोबत आणलेल्या रोलर-स्प्रिंगांच्या नव्या सेटमध्ये तीन स्प्रिंगा होत्याच. मी सगळं बसवलं.

पहिल्याच दाबाला गाडी चालू झाली. दाजींनी पाच वेळा बंद केली, पाच वेळा चालू केली. “आता कुणाला म्हणायची गरज न्हाई,” ते म्हणाले.

सोमवारी कामात लक्ष लागेना. हरवलेल्या स्प्रिंगचा तुकडा गिअरमध्ये शिरला तर? चालत्या गाडीचं चाक जाम होईल, आणि त्या पायावर ते स्वतःला सावरतील कसे? मंगळवारी दुपारी फोन केला. दाजींनी तो स्पीकरवर टाकला आणि गेटवरच्या लोकांना म्हणाले, “ऐका, हाच तो!” मी तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

कंपनीतला एकजण अंकुशनगरहून रोज ये-जा करतो. संध्याकाळी त्याच्या हाती ही चिठ्ठी दिली :

“दाजी, आधी एवढं वाचा, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.

उघडली तेव्हा आत एक स्प्रिंग कमी होती. ती मला सापडली नाही. मोडून इंजिनात पडली असेल, किंवा ऑइलबरोबर गेली असेल, मला माहीत नाही. लोकांसमोर लाज वाटली म्हणून मी बोललो नाही. फोनवरही धीर झाला नाही.

गाडी चालू होते म्हणून ती ठीक आहे असं समजू नका. रविवारी मी जालन्याचा जुना मिस्त्री घेऊन येतो. उजवं झाकणही उघडू. यावेळी काम तो करील, मी शेजारी बसेन.

तोवर पाळीला कुणाच्या तरी मागं बसून जा. हे तुम्हाला किती जड जाईल ते मी जाणतो, आणि ते माझ्यामुळं आहे. काय बोलायचं ते मला बोला, पण गाडीला हात लावू नका.

ताईलाही हे वाचून दाखवा. तिलाही मी सांगितलेलं नाही.”