दाजींचे दोरे

जगात बिनचूक अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आमच्या गल्लीतल्या दाजींचा डोळा. बाकी सगळ्यात कुठे ना कुठे एक धागा तुटलेला असतो आणि तो दाजींना दिसतो. मी त्यांच्याच घरात खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो. दाजी मूळचे वळसंगचे. लग्नानंतर ते सासुरवाडीलाच राहायला आले आणि त्यांची बायको या गल्लीची लेक असल्यामुळे दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचेच दाजी झाले. त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर आहे. हयातभर त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगचं काम केलं. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून सरकत जाणारं कापड. तेलाचा डाग, तुटलेला धागा, सुटलेली वीण दिसली की त्या जागी काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि कापड पुढे ओढायचं. डाग काढणं हे त्यांचं काम नव्हतं, दाखवणं हे होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण काम थांबलेलं नाही. फक्त टेबल आणि कापड बदललं आहे.

सदऱ्याच्या खिशात त्यांची दोन रिळं कायम असतात. लाल दोरा चुकीला, पांढरा दोरा न कळलेल्या गोष्टीला. माझ्या फाटकाची बिजागरी वाजते म्हणून तिला लाल दोरा आहे. बिजागरीत तेल घालावं असं त्यांना कधी वाटलं नाही. ते दुसऱ्या खात्याचं काम. कडक भाकरी ताटात आली की ती आधी खिडकीच्या उजेडाला धरतात आणि "मधी पातळ हाय," असा निकाल देतात. "खाऊन बघा की, का फोटू काढताय तिचा?" असं ताई, म्हणजे त्यांची बायको, तव्यावरची नजर न काढता विचारते. शेजारच्या एका लग्नात नवरदेवाच्या फेट्याच्या शेमल्याला वीण सुटलेली दिसली, तर दाजींनी अक्षता पडायच्या आत तिथे गाठ मारली. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या खांद्यावर लाल दोरा लोंबतो आहे. एकदा एका शेजाऱ्याने छातीचा एक्सरे कौतुकाने दाखवायला आणला. दाजींनी तो आकाशाला धरून बराच वेळ पाहिला आणि दोरा बांधायला जागा नाही म्हणून पाकिटाला बांधून परत दिला. लाल की पांढरा, हे शेजाऱ्याने घरी जाऊन घाबरत पाहिलं. पांढरा होता. ताई म्हणायची, "एक दिवस माझ्या अंबाड्याला बांधतील हे." आणि एका दुपारी तिच्या अंबाड्याला खरोखरच पांढरा दोरा निघाला. मी विचारलं तेव्हा दाजी गंभीरपणे म्हणाले, "सैपाकघरात एकटीच हसत हुती. कशाला, ते कळलं न्हाय."

अशा माणसाला पंचवीसेक वर्षांपूर्वी दूरदर्शनच्या पडद्यावर एक मालिका सापडली, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी घटना. मालिकेचं नाव गल्लीत कोणी घेत नाही, सगळे तिला 'पाठमोरी' म्हणतात. धरणाच्या फुगवट्याकाठचं एक गाव. तिथल्या स्टेशनमास्तरची बायको एका संध्याकाळी पाणी आणायला जाते आणि परत येते. तेच लुगडं, तीच चाल, फक्त तिची सावली उलट्या बाजूला पडते. गावाला काहीच वेगळं वाटत नाही, कुत्री मात्र भुंकतात. दर भागात एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन रस्त्याने जातो आणि कुठेच चढत नाही. रेडिओवर कालचं हवामान उद्याचं म्हणून सांगतात. बाकी गल्लीने दोन भागांनंतर नाद सोडला. दाजींनी मात्र गच्चीच्या दारातल्या बाजेवर बसून, आतल्या टीव्हीकडे पाहत, बाजेच्या काठाला दोरे बांधायला सुरुवात केली. पांढरे, एकामागून एक, मोत्यांच्या सरासारखे.

ते दोरे सोडवणारा माणूसही तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेला असे. तो त्यांचा कारखान्यातला जोडीदार. तिथे दाजी गाठ मारणार आणि हा पलीकडे जमिनीवर मांडी घालून गाठ शोधणार, सुईने धागा भरणार आणि लाल दोरा उपटून खिशात टाकणार. जातीचा रफूगर, घरी दखनी बोलणारा, समोरच्याच घरात राहणारा. गल्ली त्यांना रफूगरचाचा म्हणते. संध्याकाळी खिशातले दोरे ते दाजींच्या हातावर ठेवत आणि दाजी तेच दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरत. मालिकेच्या बाबतीतही तीच पद्धत होती. दाजींनी गाठ मारून विचारायचं, "ह्यो शिडी घिऊन फिरतोय, पर चढत का न्हाय?" रफूगरांनी जरा विचार करून सांगायचं, "उसकी दीवार गुम गयी, दाजी. ढूंडरा बेचारा." दाजींना ते पटायचं. गाठ सुटायची. असं ऐकून आहे की त्या वर्षी दाजी रात्री शांत झोपत.

मग ती मालिका एका संध्याकाळी अर्धवटच बंद पडली. शेवटच्या भागात ती बाई उंबऱ्यात आपल्याकडे पाठ करून उभी होती, मान किंचित हलली, आणि पडदा काळा. पुढचा भाग आलाच नाही. परत आली ती तीच, की दुसरी कोणी? दाजी म्हणाले, "तीच की. मानंवरचा तीळ जाग्यावर हाय. मी चेकिंगवाला हाय, मला सांगतूस?" रफूगर म्हणाले, "तिल कोई बी लगा सकता. ये दूसरी है." बोलणं गच्चीवरून जिन्यात आलं आणि जिन्यातून गल्लीत. तिथे रफूगर जे बोलले ते अजून लोकांना आठवतं. ते म्हणाले, "दाजी, तुमाला कापड कवा दिसलंच न्हाय. नुस्ते डाग दिसले." दाजींनी उत्तर दिलं, "आन् तू काय केलंस जन्मभर? डाग झाकलंस." दोघांच्याही हयातीच्या कामाला ते शब्द लागले. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. कारखान्यात दाजी गाठ मारत राहिले आणि रफूगर ती सोडवत राहिले, अक्षर न बोलता, निवृत्त होईपर्यंत. सोडवलेले दोरे मात्र रोज संध्याकाळी काचेच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेले असत. निवृत्तीनंतर तेही संपलं. उरला तो खोकला. सूर्य कलला की दाजी आपल्या गच्चीवर येऊन एकदा खोकत आणि समोरच्या गच्चीवरून एक खोकला परत येई. ताई म्हणायची, "झालं यांचं बोलणं. आता जेवा."

यंदा फाल्गुनात बातमी आली की 'पाठमोरी' परत सुरू होते आहे. तेच गाव, तेच नट, सगळे म्हातारे झालेले, दर शुक्रवारी एक नवा भाग. कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवणारी मुलगी, जिला सगळे मेडिकलवाली म्हणतात, ती मोबाइलवर जुने भाग पाहून झपाटून गेली होती. तिने दाजींच्या टीव्हीवर नवे भाग लावून द्यायची सोय केली आणि शनिवारी संध्याकाळी गच्चीवर चर्चा बसू लागली. मेडिकलवाली, मी, दाजी, आणि कैऱ्या चिरत बसलेली ताई. दिवसभर तापलेल्या गच्चीवर पाणी मारलेलं असे. फरशीतून वाफ आणि मातीचा वास वर येई, लांबून मागांची खटखट एकसारखी ऐकू येई, आणि त्या संथ लयीत कोणीही काहीही म्हटलं तरी खरं वाटे. मला स्वतःला त्या गच्चीवर बसून कित्येकदा शंका आली की रेडिओवरचं कालचं हवामान खरोखरच उद्याचं असेल.

"दाजी, इंटरनेटवर लोक म्हणतायत, ती दोन्ही आहे," मेडिकलवाली म्हणे. "एकाच वेळी."

"दोन्ही कशी आसंल? टॉवेल हाय का, दोन्ही बाजूनी वापरायला?"

समोरच्या गच्चीवर लोखंडी खुर्चीत रफूगर बसलेले असत. आमच्याकडे पाठ, कान मात्र इकडे. दाजींचं म्हणणं पटलं नाही की ते खोकत. फारच नाही पटलं तर दोनदा.

"चाचा, इकडंच या की!" मेडिकलवालीने एकदा हाक मारली.

"मैं हवा खारा," पाठीकडून उत्तर आलं. वारा त्या दिवशी अजिबात नव्हता.

त्यांचाही जीव मालिकेत अडकला आहे हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेताना त्यांनी दबक्या आवाजात तिला विचारलं होतं, "वो औरत पलटी क्या?" अजून नाही, असं कळल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली आणि गोळ्या काउंटरवरच विसरून गेले.

बाजेचा काठ हळूहळू पांढऱ्या दोऱ्यांनी भरला. वारा सुटला की ते सगळे एका बाजूला झुकत. सोडवायला कोणी नव्हतं. माझी समजूत होती की दाजींना शेवटच्या भागाची घाई झाली असेल. पण तो भाग जवळ आला तसे ते गप्प गप्प होत गेले. एका संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"तुमी पेपरात काम करता. तुमाला आदी कळत आसंल. ती वळणार हाय का?"

मी म्हणालो, तसं काही कळत नाही, पण वळेल असं दिसतंय.

ते कठड्याला टेकले. "ती तीच निगाली, तर मी जिकलो. मग त्यो कशाला यील माझ्या दारात? आन् दुसरी निगाली, तर मी हरलो. मग मी कोणत्या तोंडानं जाऊ?" मग कठड्यावरून बोट फिरवत म्हणाले, "आता दोगांचंबी वय झालं. न वळलेलीच बरी की ओ ती."

शेवटचा भाग आला तो शुक्रवार नेमका नळाला पाणी येण्याचा निघाला. त्या घरात नियम आहे, आधी टाकी, मग पडद्यावरची ती बया. दाजींनी त्या दिवशी पाणी भरण्याला सीमा ठेवली नाही. टाकी झाली, पिंप झालं, बादल्या झाल्या, घागर-कळशी झाली, मग ते तुळशीला, मग माझ्या कुंड्यांना, मग शेजाऱ्याच्या स्कूटरला पाणी घालू लागले. शेवटी ताईने नळ बंद केला आणि म्हणाली, "चला वर. जे हाय ते हाय." मग दाजी वर आले आणि बाजेवर बसले. हातात रीळ होतं.

ती वळली. पण तिचा चेहरा दाखवलाच नाही. वळल्यावर तिला काय दिसलं, ते दाखवलं. लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक उंबऱ्यात गावातलं एकेक माणूस उभं, आणि सगळ्यांची तिच्याकडे पाठ. शिडीवाल्याने शिडी खांद्यावरून उतरवून रस्त्यात ठेवली होती. टेकायला भिंत नव्हती, तरी शिडी आपली उभी होती. रेडिओवर कोणीतरी उद्या पाऊस नाही असं सांगितलं. संपलं.

"फसवणूक आहे ही!" शनिवारी गच्चीवर मेडिकलवाली कडाडली. "इतके आठवडे पाहिलं, आणि उत्तरच नाही? दाजी, तुम्ही तरी बोला."

दाजी समोरच्या गच्चीकडे पाहत होते. लोखंडी खुर्ची रिकामी होती. ते एकदा खोकले. उत्तर आलं नाही. पुन्हा खोकले. ताईचा हात कैरीवर थांबला. मग आमच्याच जिन्यात पावलं वाजली, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत, आणि रफूगर वर आले. रफू करतानाचा चष्मा लावलेला होता. मेडिकलवाली उठून उभी राहिली, ताईने पदराने डोळे पुसले, म्हणजे कैरीचं पाणी उडालं असं तिने सांगितलं.

रफूगरांनी बाजेच्या काठावरून हात फिरवला. "कालचे दोरे कुटं हायत?"

"काल एकबी न्हाय बांदला."

"क्यूं? सब समझ गया क्या तुमको?"

"कायबी न्हाय समजलं," दाजी म्हणाले. "तुला?"

"मेरे कू बी नै."

"मग?"

"मग सरका की जरा," रफूगर म्हणाले आणि बाजेवर बसले.

त्या संध्याकाळी त्यांनी जुन्या गाठी सोडवायला घेतल्या. दाजी एकेकीवर बोट ठेवून विचारत, रफूगर काहीतरी सांगत, आणि दोरा सुटत असे. सावली उलटी का पडते? दिवा तिच्या पोटात आहे म्हणून. कुत्री का भुंकतात? त्यांना नमस्कार करता येत नाही म्हणून. मेडिकलवालीचा राग कधी उतरला ते तिलाही कळलं नाही. अंधार पडताना शेवटची गाठ राहिली. दाजींनी ती तिथल्या तिथे नवीन मारली होती. "आन् तिचं तोंड का न्हाय दावलं?" रफूगरांनी चष्मा पुसला, गाठीजवळ डोळे नेऊन बराच वेळ पाहिलं, आणि सुटलेल्या दोऱ्यांचा गुंता दाजींच्या हातावर ठेवत म्हणाले, "ये रहने दे, दाजी."

आषाढात रफूगर कुंभारीला मुलीच्या घरी राहायला गेले. गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. दाजी रविवारी बसने तिकडे जातात, खिशात रिळं असतात, आणि परत येताना जरा मोकळे, हलके दिसतात. 'पाठमोरी' पुन्हा येणार का, असं मेडिकलवालीने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "यील की. आजून पंचवीस वर्सांनी. तवर तू बघ, आमाला सांग." बाजेच्या काठाला तो एक पांढरा दोरा अजून आहे. उन्हाने पिवळा पडला आहे. समोरच्या गच्चीवर आता नव्या भाडेकरूंचे कपडे वाळत असतात. तरी सूर्य कलला की दाजी कठड्याशी येतात, एकदा खोकतात, आणि पलीकडच्या खोकल्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ उभे राहतात. मग जेवायला खाली उतरतात.